घरात दम लागणारं माणूस, बाहेर खोकल्याची साथ: कुठला मास्क खरंच कामाचा?

ओसरी

मंडळी, जरा सविस्तर लिहिते, म्हणजे उलटे प्रश्न कमी येतील.

आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो, घर एकत्र. सासऱ्यांना (आम्ही सगळे आण्णा म्हणतो) सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या आकसून दम लागण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार. सगळी नोकरी फाउंड्रीत गेली, वर बिडी. दर थंडीत एकदा तरी छाती भरते आणि ॲडमिट करावं लागतं. फ्लूची लस दरवर्षी देतो. डॉक्टरांनी या खेपेला स्पष्ट सांगितलं की, तुम्हाला जी साधी सर्दी वाटते ती यांना पुरून उरेल, घरच्यांनी सांभाळा.

आता सांभाळायचं कसं? घरात कोविडच्या वेळचा एक डबा आहे. त्यात बचत गटानं शिवलेले कापडी मास्क, निळ्या सर्जिकल मास्कचा अर्धा खोका, दोन वाल्व्हवाले आणि कानात अडकवायचे काही, ज्यांच्यावर एन९५ छापलंय. पोरं शाळेतनं शिंकत येतात, मिस्टर केएमटीच्या बसनं जातात, मी दुकानात बसते. पुढच्या महिन्यात चुलत दिराचं लग्न आहे आणि आण्णा म्हणतात, मी जाणार म्हणजे जाणार.

मास्क आण्णांनी घालायचा की आम्ही? आणि यातला कुठला? मेडिकलवाला म्हणतो सगळे सारखेच. कृपया राजकारण नको, सरकारनं काय केलं न केलं ते नको.

खासबागचा

वैनी, सरकारनं २ एप्रिल २०२२ ला पाडव्याच्या मुहूर्तावर सक्ती उठवली, लोकांनी मास्क रंकाळा तळ्यात सोडले. आता परत कशाला? विषाणू असतोय ०.१ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कापडाची भोकं त्याच्या शेकडो पट. तारेचं कुंपण घालून डास अडवायचा प्रकार आहे सगळा. आण्णांना च्यवनप्राश द्या, गरम पाणी द्या.

सूक्ष्मजीवी

@खासबागचा, हा कुंपणाचा दाखला २०२० पासून फिरतोय आणि तो दोन ठिकाणी गंडतो.

एक, विषाणू एकटा, उघडा हवेत फिरत नाही. तो लाळेच्या, घशातल्या चिकट स्रावाच्या थेंबात बसून बाहेर पडतो. बोलताना, खोकताना, नुसता श्वास सोडतानासुद्धा हे थेंब येतात. काही १०० मायक्रॉनच्या वरचे, जे दोन-चार हातांवर खाली पडतात. बरेचसे ५ मायक्रॉनच्या आतले, जे सुकून आणखी बारीक होतात आणि बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. मास्कला अडवायचेत ते हे थेंब.

दोन, चांगला मास्क भोकाच्या मापानं गाळत नाही. आत धाग्यांचं विस्कटलेलं जंगल असतं. मोठा कण हवेबरोबर वळू शकत नाही, सरळ जाऊन धाग्यावर आपटतो. अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडावाकडा भरकटतो आणि कुठल्या ना कुठल्या धाग्याला चिकटतो. म्हणजे ०.१ चा कण हा उलट पकडायला सोपा. अवघड असतो तो मधला, साधारण ०.३ मायक्रॉनचा, कारण तो नीट आपटतही नाही आणि नीट भरकटतही नाही. म्हणून एन९५ ची परीक्षा त्याच मापाच्या आसपासच्या कणांवर घेतात. सर्वांत वाईट मापावर किमान ९५ टक्के अडवले पाहिजेत, असा तो नियम. अमेरिकेत १९९५ पासून लागू आहे. नावातला 'एन' म्हणजे तेलाच्या तुषारांपुढे न टिकणारा.

शिवाय त्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार दिलेला असतो. पीटर त्साय या टेनेसी विद्यापीठातल्या संशोधकानं नव्वदच्या दशकात ही पद्धत बसवली. भारामुळे कण ओढला जातो, त्यामुळे कापड फार दाट न करताही गाळता येतं आणि श्वास घेता येतो. म्हणूनच असा मास्क साबणानं धुतला किंवा सॅनिटायझर मारला की संपला. दिसायला तसाच राहतो, पण भार गेलेला असतो.

खासबागचा

बरं मास्तर. पण मग सगळे मास्क सारखेच का नाहीत, ते सांगा की.

धोटा

कापडाचं मी सांगतो. इचलकरंजीत आमचे यंत्रमाग आहेत. २०२० मध्ये माग बंद पडल्यावर अख्ख्या गावानं मास्कच शिवले. ज्याला जे मिळालं ते कापड. कुणी मांजरपाट, कुणी पॉपलीन, कुणी होजिअरी.

विणलेल्या कापडात ताणा-बाण्याच्या मधे जागा राहतेच. उजेडाला धरा, दिसेल. पॉपलीन दाट असतं म्हणून बरं. मांजरपाट एकपदरी असेल तर तोंडावर फडका बांधण्यापलीकडं त्याला अर्थ नाही. होजिअरी तोंडाला छान बसते, पण ताणली की फासे उघडतात, आणि मास्क म्हटल्यावर ती ताणलेलीच असणार. जागतिक आरोग्य संघटनेनं जून २०२० मध्ये कापडी मास्कला तीन पदर सांगितले होते: आत सुती, बाहेर पाणी न शोषणारं, मधे गाळणीचा थर. बाजारात त्या मापात बसणारे किती होते ते आम्ही शिवणाऱ्यांना विचारा. त्या वेळी दुसरं काही मिळत नव्हतं, म्हणून ठीक होतं. आज बाजारात सगळं मिळतंय, तर वैनी, ते कापडी मास्क धूळ झाडायला काढा. माल आमचाच आहे, तरी सांगतोय.

रात्रपाळी

धोटादादांना दुजोरा. व्हिएतनाममध्ये हनोईतल्या १४ हॉस्पिटलांत कर्मचाऱ्यांवर मोठी चाचणी झाली होती, २०१५ साली छापून आली. कापडी मास्कवाल्यांना सर्जिकलवाल्यांपेक्षा जास्त आजार झाले. प्रयोगशाळेत तपासलं तर त्या कापडी मास्कमधून ९७ टक्के कण पार जात होते, सर्जिकलमधून ४४.

मी नर्स आहे, आयसीयूत काम केलंय, तर आता हाताला लागलेलं सांगते. कापड कुठलं यावर लोक तासभर वाद घालतात आणि मास्क मात्र गालाशी बोटभर उघडा असतो. हवा सोप्या वाटेनं जाते. फट असेल तर ती गाळणीतून कशाला जाईल? सर्जिकल मास्कचं कापड खरं तर वाईट नसतं, तो मार खातो तो बाजूच्या फटींनी. आणि कानात अडकवायचा एन९५ सुद्धा ढिला असेल तर त्याचं नाव तेवढं एन९५.

ओसरीताई, तुमच्याकडचा कानातला मास्क घाला, दोन्ही हात त्यावर हलके ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडं किंवा गालाकडं हवा आली की समजा गळतोय. चष्म्यावर वाफ धरली तरी तेच. मग जोरात श्वास आत घ्या, मास्क तोंडाकडं किंचित ओढला गेला पाहिजे. मोठ्या ठिकाणी डोक्यावर टोपडं घालून आत गोड चवीचा फवारा मारतात. चव लागली की तो मास्क त्या माणसाला बसत नाही, दुसरं माप द्या. एकच कंपनी एका सिस्टरला चपखल बसते, दुसरीला नाही. दाढी असेल तर विषयच संपला, केसांच्या मधनं हवा जातेच.

डोक्यामागनं दोन पट्टे येतात तो मास्क कानातल्यापेक्षा जवळजवळ नेहमी घट्ट बसतो. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, दुकानात एवढं बघा.

स्कूटीवाली

मग आम्ही मुली जो स्कार्फ गुंडाळतो त्याचं काय? चार पदर होतात की.

रात्रपाळी

ऊन आणि धुळीला उत्तम. बाकी नाही गं.

आकडेमोड

सूक्ष्मजीवी आणि रात्रपाळी दोघांचं म्हणणं एका आकड्यात बघायचं असेल तर जर्मनीतल्या गटिंगनच्या माक्स प्लांक संस्थेनं २०२१ मध्ये केलेला हिशेब आहे. कोविडबाधित माणूस आणि निरोगी माणूस समोरासमोर २० मिनिटं, अगदी जवळ. दोघांनाही एफएफपी२ (एन९५ चा युरोपातला भाऊ, ९४ टक्क्यांची अट) नीट बसलेला असेल तर जास्तीत जास्त धोका हजारात एकाच्या आसपास. तोच मास्क ढिला बसला तर साधारण चार टक्के. दोघांनी नीट बसवलेला सर्जिकल घातला तर दहा टक्क्यांपर्यंत. आणि मास्कच नसेल तर तीन मीटरवरसुद्धा पाचेक मिनिटांत लागण जवळजवळ ठरलेली.

हे 'वाईटात वाईट काय होईल' याचं गणित आहे, प्रत्यक्षात धोका याहून कमी असतो. पण एकाच मास्कचा घट्ट आणि ढिला यातला फरक बघा. चाळीस पट.

खासबागचा

गणितं राहू द्या. प्रत्यक्ष माणसांवर काय झालं? कॉक्रेन म्हणून जगभरच्या चाचण्या पडताळणारी मोठी संस्था आहे. त्यांनी जानेवारी २०२३ मध्ये ७८ चाचण्या एकत्र करून सांगितलं की मास्कनं समाजात फार फरक पडत नाही. एन९५ आणि सर्जिकलमध्ये पण फरक नाही. आता बोला. मी पण वाचतो हो, नुसता खासबागेत बसत नाही.

आकडेमोड

वाचता हे बघून बरं वाटलं, खरंच. कारण हा मुद्दा टाळून चालणार नाही, आणि मास्कच्या बाजूचे लोक तो नेहमी टाळतात.

त्या अहवालात तसं म्हटलंय. पण मार्च २०२३ मध्ये कॉक्रेनच्याच मुख्य संपादकांनी खुलासा केला की 'मास्क चालत नाहीत' असा त्याचा अर्थ काढणं चूक आहे. चाचण्यांनी तपासलं होतं ते 'लोकांना मास्क घाला असं सांगितल्यानं आजार कमी होतात का', आणि त्याचं उत्तर अनिर्णित आलं. दोन्हीत फरक आहे. मास्क द्या, समजावून सांगा, आणि त्यातल्या निम्म्यांनी तो खिशात ठेवला तर हिशेबात तेही 'मास्कवाले' म्हणूनच धरले जातात.

बांगलादेशचं उदाहरण घ्या, आपल्यासारखीच गावं आणि आपल्यासारखीच माणसं. ६०० गावं, सव्वातीन लाखांच्या वर प्रौढ माणसं, २०२०-२१ चा हिवाळा. निम्म्या गावांत फुकट मास्क वाटले, मशिदीत, बाजारात लोकांना हटकलं. तरी मास्क घालणारे १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले, म्हणजे निम्म्याहून जास्त लोक तसेच. एवढ्यावर, जिथं सर्जिकल वाटले तिथं रक्ततपासणीनं पक्का झालेला, लक्षणं असलेला कोविड साधारण ११ टक्क्यांनी कमी, आणि साठीच्या वरच्यांमध्ये जवळजवळ ३५ टक्क्यांनी. कापडी मास्कच्या गावांत फरक इतका थोडा की तो योगायोगही असू शकतो. त्या अभ्यासावर टीका झाली, होणारच. कोणत्या गावाला मास्क मिळाले हे लपवता येत नाही.

डेन्मार्कच्या २०२० च्या चाचणीत मास्कवाल्यांत १.८ टक्के आणि बाकीच्यांत २.१ टक्के लागण, म्हणजे ठरवता येण्यासारखा फरक नाही. पण तिथं मास्क घालणाऱ्याचं रक्षण किती होतं एवढंच मोजलं, त्याच्यापासून दुसऱ्याचं किती होतं हे मोजलंच नाही. अलीकडची नॉर्वेची, २०२४ मध्ये छापलेली. साडेचार हजारांवर माणसं, दोन आठवडे बाहेर पडताना सर्जिकल मास्क. सर्दी-खोकल्याची तक्रार मास्कवाल्यांत ८.९ टक्के, इतरांत १२.२. हे लोकांनी स्वतः सांगितलेलं, तपासणी नव्हे, तेवढं जपून घ्या.

माझं मत विचाराल तर अख्ख्या शहराला मास्क सांगून साथ थांबेल असं मला या आकड्यांवरून वाटत नाही. पण ओसरीताईंनी शहराचं विचारलेलंच नाही. त्यांनी एका घराचं, एका माणसाचं विचारलंय. तिथं घालायचं ठरलं तर खरंच घातला जाईल, नीट बसवला जाईल आणि ऐन वेळेला घातला जाईल. चाचण्यांत नेमकं हेच जमत नाही.

खासबागचा

हं. आणि एन९५ आणि सर्जिकल सारखेच निघाले त्याचं?

रात्रपाळी

ते मी सांगते. कॅनडा, इस्रायल, पाकिस्तान आणि इजिप्तमध्ये हजारभर आरोग्य कर्मचाऱ्यांवर झालेल्या चाचणीत एन९५ वाल्यांना ९.३ टक्के आणि सर्जिकलवाल्यांना १०.५ टक्के लागण झाली. आता सिस्टर वॉर्डात आठ तास एन९५ घालते, मग चेंजिंग रूममध्ये चौघीजणी मास्क काढून डबा खातात, मग घरी पोरगं शिंकतं. तिला लागण कुठं झाली ते सांगा बघू. ओमायक्रॉनच्या लाटेत आमच्या इथं डबा खातानाच सगळ्या आडव्या झाल्या असं माझं ठाम मत आहे, पुरावा नाही.

सूक्ष्मजीवी

आता मूळ प्रश्न, मास्क कुणी घालायचा. जो खोकतोय त्यानं आधी. थेंब तोंडातून निघताना मोठा आणि ओला असतो, तिथंच अडवणं सोपं. तो हवेत सुकून बारीक झाला की समोरच्याच्या मास्कला काम वाढतं.

दक्षिण आफ्रिकेत एक विलक्षण प्रयोग झाला होता. टीबीच्या वॉर्डातली हवा दोन वेगळ्या खोल्यांतल्या गिनीपिगांना दिली. एका खोलीला रुग्णांनी सर्जिकल मास्क घातलेल्या दिवसांची हवा, दुसरीला न घातलेल्या दिवसांची. मास्क नसताना ९० पैकी ६९ प्राण्यांना लागण झाली, असताना ९० पैकी ३६. टीबी हा विषाणू नाही, जिवाणू आहे, मान्य. पण पसरतो तो अशाच हवेतल्या बारीक कणांतून, आणि मास्क नुसता निळा सर्जिकल होता, तोही रुग्णांनी दिवसभर कसाबसा घातलेला.

म्हणून ओसरीताई, तुमचा अर्धा खोका फुकट नाही. शिंकत आलेल्या पोराला घरात तो घाला. आण्णांच्या खोलीत जाणाऱ्यानं एन९५.

उद्यमनगरी

वाल्व्हचं कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो. आमच्याकडं ग्राइंडिंगला, शॉट ब्लास्टिंगला पोरं वाल्व्हचेच मागतात. कारण सोडलेली गरम हवा सरळ बाहेर जाते, घाम कमी येतो. धुळीसाठी ते बरोबरच आहे, धूळ काय आमच्या तोंडातनं येत नाही. आजारपणात मात्र तोच वाल्व्ह तुमचा श्वास न गाळता बाहेर सोडतो. जुलै २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी राज्यांना पत्र पाठवून वाल्व्हचे एन९५ वापरू नका म्हणून सांगितलं होतं. वैनी, घरात कुणी खोकत असेल तर त्यानं तो घालू नये. आण्णांपुरता चालेल, त्यांना श्वास सोडायला हलका पडेल.

छापील एन९५ वर जाऊ नका. शिक्का मारायला काय लागतं? आपल्याकडं आयएस ९४७३ हे मानक आहे, त्यात एफएफपी२ ही प्रत असते. मास्कवर किंवा खोक्यावर ते आणि आयएसआयचं चिन्ह शोधा. सेफ्टी शूज, हेल्मेट विकणाऱ्या दुकानात डोक्याच्या पट्ट्याचे मिळतात, मेडिकलमध्ये बहुतेक कानातलेच. आणि भावाचं म्हणाल तर ऑक्टोबर २०२० मध्ये राज्यानं दर बांधले होते, तीन पदरी ४ रुपये आणि एन९५ १९ ते ४९. त्याच्या आधी लोकांनी काय काय मोजलंय ते आठवत असेलच.

ओसरी

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. (राजकारण नाही झालं हे तर नवलच.)

दोन अडचणी. आण्णांना काल घट्ट मास्क घालून बघितला, पाच मिनिटांत काढून फेकला, दम लागतो म्हणाले. आणि रोज नवा एन९५ कुणाकुणाला घेणार, घरात आठ माणसं.

रात्रपाळी

दम लागत असेल तर जबरदस्ती अजिबात नको. सीओपीडीत श्वासाला आधीच जोर लागतो. त्यांच्या डॉक्टरांना विचारून, बसल्या जागी, ऑक्सिमीटर लावून थोडा वेळ घालून बघा. नाही जमलं तर आण्णांनी साधा सर्जिकल, किंवा काहीच नाही, आणि भार बाकीच्यांवर. सर्दी झालेला माणूस पाच-सहा दिवस त्यांच्या खोलीत जाणार नाही, जायचंच झालं तर घट्ट मास्क लावून, आणि खिडकी उघडी. थंडी वाजते म्हणून लोक खिडक्या गच्च लावतात आणि मग मास्कला दोष देतात.

रोज नवा लागत नाही. चार-पाच मास्क घ्या, प्रत्येकावर वार लिहा, कागदी पिशवीत टांगून ठेवा, आलटून पालटून वापरा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, दमट राहतो. ओला झाला, मळला, पट्टा ढिला झाला की टाकून द्या. धुवायचा नाही, उकळायचा नाही, इस्त्री तर मुळीच नाही (हसू नका, केलेली बघितली आहे).

एन९५ नसेल आणि सर्जिकलच घालायचा असेल तर कानाच्या दोऱ्यांना मास्कजवळ एकेक गाठ मारा आणि बाजूची चुणी आत दुमडा. नाहीतर वरनं कापडी मास्क घाला, तो आतल्याला गालावर दाबून धरतो. अमेरिकेच्या सीडीसीनं (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) फेब्रुवारी २०२१ मध्ये दोन्ही तपासलं होतं. नुसत्या सर्जिकलपेक्षा दोन्ही बरेच सरस ठरले. त्यामुळं धोटादादा, तुमचे मास्क धुळीला काढायची घाई नको.

धोटा

चला, मालाला उठाव आला.

उसाचा_फड

लग्नाचं मी सांगतो, घरात दोन झालीत यंदा. मास्क कितीही भारी असू दे, पंगतीत तो हनुवटीवरच येणार. आण्णांना अक्षतांपुरतं न्या. पहिल्या रांगेत नाही, दारापाशी वारं येतं तिथं खुर्ची टाका. फोटोला स्टेजवर न्या, आशीर्वाद झाला की पोराच्या गाडीतनं घरी. जेवणाचा डबा मागनं. पाहुण्यांना आधीच फोन करून सांगा, नाहीतर 'पाया पडायला' म्हणून शंभर माणसं तोंडाजवळ येतात. लॉनवर असेल तर निम्मी काळजी गेली, एसी हॉल असेल तर मात्र खरंच विचार करा.

खासबागचा

हे पटलं बघा. आमचे वडील असते तर मी पण असंच केलं असतं. कुंपणाचं मागं घेत नाही, पण आण्णांसाठी घाला म्हणतो.

स्कूटीवाली

एक राहिलं. माझा भाचा सात वर्षांचा आहे, त्याला मोठ्यांचा एन९५ लहान पट्टा करून चालेल का?

सूक्ष्मजीवी

नाही बसत, हनुवटीखाली उघडाच राहतो. अमेरिकेची जी संस्था एन९५ ला मान्यता देते, ती लहान मुलांसाठी देतच नाही. तेव्हा 'किड्स एन९५' लिहिलेलं दिसलं तर त्या लिहिण्याला किंमत देऊ नका. कोरियाचे केएफ९४ छोट्या मापात मिळतात, नाकाशी आणि हनुवटीशी घडी असते, मुलं त्यातल्या त्यात ठेवून घेतात. नाही मिळाला तर मुलांच्या मापाचा सर्जिकल, दोऱ्यांना गाठ मारून. आणि त्याला चित्राचा हवा असेल तर चित्राचा घ्या, न घातलेल्या चांगल्या मास्कपेक्षा तो बरा.